गाऊन नक्की कुणाच्या सोयीचा?

‘आईला आता गाऊनच बरा, सोयीचा पडतो.’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, तुमच्या घरात कुणी म्हटलंही असेल. माझ्या पीएच.डी.चा बराचसा वेळ या वाक्यातल्या ‘सोयीचा’ या एका शब्दापाशी गेलाय. सोयीचा कुणाला? घालणाऱ्या आईला, की घालून देणाऱ्या सुनेला, लेकीला, कामाला येणाऱ्या मावशींना? दोघींची सोय एकच असणार असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ती एक नसते. वयस्कर माणसांसाठी जे कपडे शिवले आणि विकले जातात, त्यांच्याबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे.

या कपड्यांना ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्लोदिंग’ म्हणतात. मराठीत शब्द अजून रुळलेला नाही, मी आपलं ‘जुळवून घेणारे कपडे’ म्हणते. हात खांद्याच्या वर जात नाही, बोटांना हूक सापडत नाही, एका पायावर तोल राहत नाही, लघवीची घाई होते, संध्याकाळी पाय सुजतात. अशा वेळी कपड्यानं शरीराशी जुळवून घ्यायचं, एवढीच कल्पना.

आधी हे मोजतात कसं ते सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. १९६३ साली अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या सहा कामांची एक मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठून दुसरीकडे बसणं, शौच-लघवीवर ताबा आणि जेवण. १९६५ मध्ये बार्थेल निर्देशांक आला. त्यात १०० पैकी १० गुण कपड्यांना. सगळं स्वतःचं स्वतः घातलं तर १०, निम्मी मदत लागली तर ५. फिजिओथेरपिस्टच्या फाइलमध्ये तुम्ही हा तक्ता पाहिला असेल. आपल्याकडची मोठी पाहणी म्हणजे ‘लासी’. मुंबईच्या आयआयपीएस या संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून जास्त लोकांना गाठून ती केली, वय ४५ आणि पुढे. कपड्यांचा प्रश्न तिथंही आहे आणि त्यात चपला-बूट घालणं धरलंय. चपलेची दखल घेणारी प्रश्नावली पाहून कोल्हापूरकराला बरं वाटणारच.

पण या सगळ्या पट्ट्या माणसाला प्रश्न विचारतात, कपड्याला कुणीच काही विचारत नाही. समजा, एका आजींच्या बोटांत संधिवात आहे. पाठीला हूक असलेला ब्लाऊज दिला तर त्यांना ५ गुण. पुढं गाठ मारायची चोळी दिली आणि ती त्यांनी स्वतः बांधली तर १०. बोटं तीच, दुखणं तेच, वय तेच. फाइलवर मात्र पहिल्या आजी ‘परावलंबी’ आणि दुसऱ्या ‘स्वावलंबी’. म्हणजे आपण दोष ब्लाऊजचा काढायला हवा होता आणि नोंदवला आजींच्या नावावर. घरातही हेच होतं. ‘तिला आता जमत नाही’ असं आपण म्हणतो, आणि काय जमत नाही ते तपासायच्या आधीच गाऊन आणतो.

आता गाऊनकडे वळू. मी गाऊनच्या विरोधात नाही, खरंच. सुती असतो, कमरेला आवळत नाही, धुवायला हलका, कोल्हापुरातल्या पावसाळ्यात लुगड्याच्या आधी वाळतो. पण ‘सोयीचा’ म्हणून जो विकला जातो तो नीट बघा. बरेचसे गाऊन डोक्यातून घालायचे असतात. पुढं चेन असली तरी ती छातीपर्यंत येऊन थांबते. म्हणजे खांदा आखडलेल्या बाईनं दोन्ही हात वर करायचे, तोंडावर कापड असताना आंधळ्यासारखी बाही शोधायची आणि त्याच वेळी तोल सांभाळायचा. अर्धांगवायू झालेल्यांना शिकवतात की कपडा घालताना दुखऱ्या बाजूचा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. डोक्यातून घालायच्या घट्ट गाऊनमध्ये हा साधा नियम पाळताना दोघांची दमछाक होते. गळ्यापासून खालपर्यंत पूर्ण उघडणारा गाऊन शिवणं अवघड नाही. पण गाऊन तरुण बाईच्या मापानं आणि हालचालीनं शिवला जातो आणि तोच आजींना मिळतो, फक्त रंग फिकट.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गाऊनवर ओढणी किंवा टॉवेल घेऊन दार उघडणारी बाई तुम्ही पाहिली आहे, सगळ्यांनी पाहिली आहे. ती ओढणी काय सांगते? हा कपडा घरातला आहे, चारचौघांतला नाही. तरुण बाई संध्याकाळी गाऊन बदलून बाहेर पडते. जिला बदलायला दुसऱ्याची मदत लागते ती बदलत नाही, म्हणून बाहेर पडत नाही. आमच्या गल्लीतल्या एक आजी त्यांच्या गाऊनला ‘झबलं’ म्हणायच्या. ‘ह्ये झबलं घालून अंबाबाईला जाऊ व्हय?’ असं म्हणून त्यांनी जाणं सोडलं. पाय चालत होते. सगळ्यांना वाटलं, वयामुळं गेलं.

जेन लॅम्ब आणि जो कॅलल या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये कपड्याच्या रचनेचा एक आराखडा मांडला. त्यांचं म्हणणं साधं आहे. कपड्याकडून माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: तो कामाचा असावा, मी कोण आहे ते त्यातून दिसावं आणि तो देखणा असावा. अपंगांसाठी किंवा वृद्धांसाठी शिवताना पहिलीच गोष्ट धरायची आणि उरलेल्या दोन सोडायच्या, हे त्यांना मान्य नव्हतं. आमच्या विषयात हा आराखडा सगळे उद्धृत करतात. पाळतात किती जण, तो प्रश्न वेगळा. परदेशी कॅटलॉग चाळलात तर पाठ पूर्ण उघडी राहणारे शर्ट, करड्या रंगाच्या पँटी, सगळीकडे चिकटपट्टी दिसेल. पाठीमागून उघडणारा कपडा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी योग्यच आहे. त्याला कुशीवर वळवून कमी त्रासात कपडे बदलता येतात, आणि जी सून ते करते ती स्वतः पंचावन्नची असते, तिलाही पाठदुखी असते. तिच्या सोयीला मी कमी लेखत नाही. पण जो माणूस खुर्चीत बसू शकतो, त्याला पाठीमागून बांधायचा कपडा दिला की तो कपडा कायमचा दुसऱ्याच्या हातात गेला.

या बाबतीत जुनं काम मला जास्त आवडतं. न्यूयॉर्कच्या हेलन कुकमन यांनी १९५० च्या दशकात अपंग व्यक्तींसाठी कपडे शिवले ते असे की इतरांच्या कपड्यांत ठेवले तर वेगळे ओळखू येऊ नयेत. त्यांना स्वतःला ऐकायला कमी यायचं. टॉमी हिलफिगर कंपनीनं २०१६ मध्ये मुलांसाठी आणि पुढच्या वर्षी मोठ्यांसाठी असे कपडे बाजारात आणले तेव्हा फार नवं काही घडल्याचा गाजावाजा झाला. कल्पना साठ वर्षं जुनी होती.

इथं कुणीतरी म्हणेल, परदेशाचं कशाला, आपलं लुगडं काय वाईट होतं? हा मुद्दा निम्मा खरा आहे. नऊवारीला परकर लागत नाही, हूक नाही, माप नाही. वजन दहा किलोंनी घटलं काय आणि पोट सुटलं काय, तेच लुगडं बसतं. काष्टा घातल्यावर पायात निऱ्यांचा घोळ येत नाही, त्यामुळं पाय अडकून पडायची भीती सहावारीपेक्षा कमी. पुढं गाठीची खणाची चोळी ही तर माझ्या मते उत्तम रचना आहे: हुकाला चिमूट लागते, गाठीला मूठ चालते. संधिवातात चिमूट आधी जाते. आणि यातलं काहीही ‘म्हाताऱ्यांसाठी’ म्हणून शिवलेलं नव्हतं, लेकीसुना तेच नेसत होत्या, त्यामुळं आजी त्यात वेगळी दिसत नव्हती.

उरलेला निम्मा मुद्दा मात्र सोडता येत नाही. नऊ वार कापड उभं राहून नेसावं लागतं आणि काष्टा मागं खोचायला खांदा पाठीकडं वळावा लागतो. घाईची लघवी लागलेल्या बाईला ते वेळेत सावरता येत नाही. आणि कमरेची गाठ. वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. कमरेवर वर्षानुवर्षं घट्ट बांधल्यामुळं जखम झाली, ती बरी झाली नाही आणि तिथं त्वचेचा कर्करोग झाला. एकीच्या बाबतीत परकराची नाडी होती. दुसरी साठीच्या शेवटाकडची, चाळीस वर्षं रोज लुगडं नेसणारी, परकर न घालता. दोनच केसेस आहेत, घाबरून जायचं कारण नाही. पण ‘आपलं ते सगळं शास्त्रीय’ म्हणणाऱ्यांनी त्या वाचाव्यात. आजींच्या कमरेवर काळा, खाजणारा पट्टा असेल तर नाडी सैल करा, बांधायची जागा बदला, रुंद पट्ट्याचा परकर शिवा. जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता शिवलेली नऊवारी. लग्नसराईत महाद्वार रोडवरून चाललात तर पुतळ्यांवर दिसतेच. ‘आजीला हीच घेऊया, नेसायची कटकट नाही’ असं म्हणत घरातली तरुण मंडळी ती उचलतात. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. ही नऊवारी पायजम्यासारखी एकेक पाय घालून चढवायची असते. म्हणजे जो कपडा गुंडाळायचा होता त्याची पँट झाली, आणि एक पाय उचलून घोळदार कापडात घालणं हा म्हाताऱ्या माणसाचा तोल जाण्याचा अगदी ठरलेला क्षण. शिवाय बाथरूमला जायचं तर सगळी उतरवा. ही नऊवारी ज्यांना नेसता येत नाही अशा तरुण मुलींचा प्रश्न सोडवते. आजींना नेसता येतंच, प्रश्न त्यांच्या गुडघ्यांचा आणि खांद्याचा आहे. त्यापेक्षा निऱ्या शिवून तयार केलेली, कमरेभोवती गुंडाळून बाजूला पट्टीनं बंद होणारी सहावारी कितीतरी बरी, कारण ती पाय न उचलता, पलंगाच्या कडेवर बसून अर्धी नेसता येते. इरकली साडीचीही अशी करून मिळते. पदर आणि काठ जसेच्या तसे राहतात, बघणाऱ्याला फरक कळत नाही.

पुरुषांचं थोडक्यात. लेंग्याची नाडी काढा. घाईच्या वेळी निरगाठ बसली की काय होतं ते सांगायला नको, आणि त्या फजितीनंतर माणूस पाहुण्यांकडं जायचं टाळतो. मागच्या निम्म्या कमरेला इलॅस्टिक घाला, पुढं नाडी नुसती दिसायला लोंबू दे. नेहरू शर्ट डोक्यातून जातो, तो पुढून पूर्ण उघडा करून पट्टीखाली बंद लपवता येतो. (लग्नात बांधून तयार मिळणारा फेटा आपण सगळे घालतो. त्याला कुणी ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ म्हणत नाही, आणि कुणाला लाजही वाटत नाही.)

चिकटपट्टीबद्दल सावध करते. कापूस, केस, दोऱ्याचे धागे तिच्यात अडकतात आणि पकड जाते. धुताना बंद करूनच टाका. सिल्कच्या पदराला ती ओरबाडते, म्हाताऱ्या पातळ कातडीलाही. आत मऊ कापडाची पट्टी घ्या. चुंबकाची बटणं आता ऑनलाइन मिळतात, बोटांना ती सगळ्यात सोपी. पण ज्यांना पेसमेकर आहे त्यांच्या छातीवर ती लावू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

खरेदीला जाताना मी दोनच गोष्टी पाहायला सांगते. हा कपडा त्यांना स्वतःला, बसून, निम्मा तरी घालता येतो का? निम्मं जमलं तरी सकाळ त्यांच्या हातात राहते. आणि दारावर अचानक व्याही आले तर तो बदलायला लागेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांना विचारा. त्यांनी जांभळा रंग मागितला तर जांभळा घ्या.

बहुतेक वेळा नवं काही घ्यावंही लागत नाही. कपाटातल्या ब्लाऊजला शिंप्यानं आत माया ठेवलेली असते. ती उसवून बाही सैल होते, बगलेत कळी लावली की हात मागं न नेता शिरतो. पाठीचे हूक शिवून टाकून बंद पुढं आणता येतो, वर शोभेची बटणं लावायची, खाली पट्टी. साधा गल्लीतला टेलर हे करतो. फक्त त्याला सांगा की माप आजी खुर्चीत बसलेल्या असताना घे. दिवसभर बसणाऱ्या माणसाचं उभं राहून माप घेतलं की कपडा पुढं पोटावर गोळा होतो आणि मागं कमरेवर वर सरकतो. आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा अल्टरचं काम कुणीच हातात घेत नाही. आषाढात जा, पावसात दुकानं रिकामी असतात.