‘फिलोमेना’ : क्षमेपलीकडचा प्रश्न

मार्टिन सिक्सस्मिथ यांचे ‘द लॉस्ट चाइल्ड ऑफ फिलोमेना ली’ हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर बेतलेला, स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘फिलोमेना’ हा चित्रपट २०१३ साली आला. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी चित्रपट पाहिला असेल. पुस्तक फार थोड्यांच्या हाती पडले असावे. चित्रपटाविषयी श्रद्धावंतांशी बोलताना आम्हास नेहमी दोन तट आढळतात. एक तट डोळे पुसतो आणि जूडी डेंच यांच्या अभिनयाची वाखाणणी करतो. दुसरा तट, ख्रिस्तसभेची ही आणखी एक बदनामी, असे म्हणून पाठ फिरवतो. दोन्ही प्रतिक्रिया आम्हास अपुऱ्या वाटतात. या कथेच्या गाभ्याशी एक साधी गोष्ट आहे, धर्मग्रामाच्या कचेरीतील कपाटात असते तशी : नोंद. तिच्याकडे पुस्तकाचे लक्ष अधूनमधून जाते, चित्रपटाचे त्याहूनही कमी.

कथा थोडक्यात अशी. फिलोमेना ली यांचा जन्म १९३३ साली आयर्लंडमधील लिमरिक परगण्यात झाला. त्या सहा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली व पुढे त्या धर्मभगिनींच्या शाळेत वाढल्या. अठराव्या वर्षी, विवाह झालेला नसताना दिवस गेले, तेव्हा त्यांची रवानगी रॉसक्रे येथील शॉन रॉस ॲबी या मठात करण्यात आली. तेथे ५ जुलै १९५२ रोजी अँथनीचा जन्म झाला. पुढील तीन-साडेतीन वर्षे आई मठाच्या धुलाईघरात राबत होती आणि मूल त्याच आवारात वाढत होते. १९५५ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तिने एका दस्तऐवजावर सही केली : मुलावरील सर्व हक्क कायमचे सोडत आहोत व यापुढे त्याच्या जीवनात येण्याचा प्रयत्न करणार नाही, अशा आशयाचा. त्याच वर्षी डिसेंबरात अँथनीला आणखी एका लहान मुलीसमवेत अमेरिकेतील एका कॅथलिक कुटुंबात पाठवण्यात आले. अँथनी लीचा मायकल हेस झाला. तो वकील झाला, रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा प्रमुख कायदेविषयक सल्लागार झाला आणि ऑगस्ट १९९५मध्ये एड्सने मरण पावला. आई इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोकरी करीत होती, संसार करीत होती. आपल्याला एक मुलगा होता, हे तिने मुलीला प्रथम सांगितले ते २००३ सालच्या डिसेंबरात. त्यानंतर पत्रकार सिक्सस्मिथ या शोधात आले.

येथवर ही ताटातुटीची एक कहाणी आहे, आणि तशा कहाण्या जगात पुष्कळ आहेत. पण मायकल १९७७ साली शॉन रॉस येथे आला होता; आजारी अवस्थेत १९९३ साली पुन्हा आला होता. त्याने आईविषयी विचारले. आईनेही त्याच मठाकडे त्याच्याविषयी विचारणा केली होती. दोघांना ठाऊक असलेले दार एकच होते, आणि दोघेही त्या दारावरून रिकाम्या हाताने परतले. शेवटी मायकलने त्याच आवारात आपले दफन व्हावे अशी इच्छा व्यक्त केली, ती मान्य झाली, आणि त्याच्या थडग्यावर त्याची जन्मतारीख व जन्मस्थान कोरले गेले. आई कधी शोधत आलीच तर निदान तेवढे तिला सापडावे, हा त्यामागील हेतू. कागदाने जे सांगितले नाही ते त्याला दगडाकडून सांगवून घ्यावे लागले.

आता पुस्तकाकडे वळू. त्याचे नाव वाचकाला थोडे फसवते. आरंभीच्या भागात फिलोमेना आहेत, अखेरीस त्या परततात. मधला फार मोठा भाग मायकलच्या अमेरिकेतील जीवनाने व्यापला आहे. लेखक स्वतः तेथे नव्हते, तरी संवाद, मनातले विचार, रात्रीची अस्वस्थता हे सारे ते कादंबरीकाराच्या मोकळिकीने लिहितात. हे ऐकीव आठवणींवरून रचलेले आहे की शुद्ध कल्पना आहे, याचा उलगडा वाचकाला होत नाही. ज्या माणसाचे सारे दुःख आपल्याविषयीची खरी माहिती न मिळण्यात होते, त्याच्या चरित्रात कल्पित मजकूर कोठे सुरू होतो हे कळू नये, ही आमच्या मते या पुस्तकाची सर्वांत मोठी उणीव. उलट, जेथे लेखक पत्रकार म्हणून वावरतात, म्हणजे मुलांना परदेशी पाठवण्याची व्यवस्था, पारपत्रे देणारे सरकारी खाते, दत्तक घेणारे दांपत्य कॅथलिकच असावे हा धर्माधिकाऱ्यांचा आग्रह, या विषयांवरची पाने ठाशीव आहेत. त्या काळात दोन हजारांहून अधिक मुले आयर्लंडमधून अमेरिकेस गेली. शासन आणि ख्रिस्तसभा दोघेही त्यात सहभागी होते.

स्टीव्ह कूगन आणि जेफ पोप यांच्या पटकथेने पुस्तकाचा हा तोल उलटा केला. मुलगा घरगुती चित्रफितींच्या तुकड्यांपुरता उरला आणि आई केंद्रस्थानी आली. हा बदल आम्हास मोलाचा वाटतो. साधी, गप्पिष्ट, तरीही आतून चिवट अशी ही आई त्यामुळेच आपल्या परिचयाची होते. पण वृद्ध सिस्टर हिल्डेगार्ड चाकांच्या खुर्चीत बसून आपल्या कृत्याचे कठोर समर्थन करतात आणि फिलोमेना त्यांना क्षमा करतात, तो चित्रपटाचा परमोच्च प्रसंग घडलेलाच नाही. सिस्टर हिल्डेगार्ड १९९५ साली निवर्तल्या होत्या. सिक्सस्मिथ यांचा शोध सुरू झाला तो २००४ साली. एका मृत व्यक्तीच्या तोंडी, तिच्याच नावाने, तिने न उच्चारलेली वाक्ये घालणे हे नाट्यस्वातंत्र्याच्या नावाखाली खपून जाते. आठव्या आज्ञेतून मृतांना मात्र वगळलेले नाही.

एवढे म्हणून आम्ही दुसऱ्या तटाला जाऊन मिळत नाही. चित्रपट म्हणजे कॅथलिकांवरील हल्ला आहे, असे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातील समीक्षकाने २०१३ साली लिहिले, तेव्हा खुद्द फिलोमेना यांनी जाहीर पत्राने त्याला उत्तर दिले. फेब्रुवारी २०१४मध्ये त्या व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटल्या. त्या धर्मसंघानेही चित्रपटावर आक्षेप घेतले, आणि त्यांतील काही रास्त होते. तथापि एक प्रसंग कल्पित ठरला म्हणून दारावरून परतलेले दोघे कल्पित ठरत नाहीत.

आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. चित्रपट साऱ्या प्रकरणाचे रूपांतर क्षमेच्या प्रश्नात करतो. कपाट अभिनय करू शकत नाही, म्हणून पटकथाकारांना एक कठोर धर्मभगिनी हवी होती. ती मिळाली, तिला क्षमा झाली, प्रेक्षक हलके होऊन घरी गेले. प्रायश्चित्त संस्काराची शिकवण लहानपणी घेतलेला कोणीही जाणतो की पश्चात्ताप आणि पापांची कबुली यांच्यासोबत तिसरे अंग असते, ते भरपाईचे. फिलोमेना यांनी दिलेली क्षमा ही त्यांची देणगी. ती मागण्याचा वा त्यावर विसंबण्याचा अधिकार कोणाही संस्थेस नाही. संस्थेने करावयाची भरपाई वेगळी, आणि या प्रकरणी ती अगदी ठोस होती : नाव, तारीख, पत्ता.

येथे एक बचाव नेहमी पुढे येतो, गुप्ततेचा. धर्मगुरू या नात्याने गुप्तता म्हणजे काय हे आम्ही जाणतो. पापनिवेदनात ऐकलेले आमच्याबरोबर मातीत जाईल. परंतु नोंदवही म्हणजे पापनिवेदन नव्हे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले ते लपवण्यासाठी नव्हे, तर कोणाचे कोणाशी काय नाते आहे हे पुढे कोणाला नाकारता येऊ नये यासाठी. आजच्या कॅनन लॉचे ५३५वे कलम नोंदवह्या जपण्याची जबाबदारी आमच्यावर टाकते. ८७७वे कलम तर अविवाहित मातेचाही विचार करते : तिचे मातृत्व सर्वज्ञात असेल, किंवा तिने स्वेच्छेने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमक्ष मागणी केली, तर स्नानसंस्काराच्या नोंदीत तिचे नाव घातले गेलेच पाहिजे.

प्रश्न अवघड आहे हे मान्य. ज्या मातेला सापडायचेच नसेल तिचे काय? पन्नास वर्षांच्या संसारात ही गोष्ट न सांगितलेल्या स्त्रिया फिलोमेना यांच्यासारख्या आणखी असतील, आणि त्यांचे भय खोटे नाही. आयर्लंडने यावर २०२२ सालच्या कायद्याने एक वाट काढली, तीही उशिराच. मूळ जन्मदाखला आणि स्नानसंस्काराची माहिती मागणे हा त्या व्यक्तीचा हक्क ठरला. आई-वडिलांनी संपर्क नको असे कळवले असेल, तर दाखला देण्यापूर्वी अर्जदाराशी बोलून त्याला ती इच्छा समजावून सांगितली जाते. दाखला मात्र अडवला जात नाही. जाणणे आणि भेटणे ही दोन वेगळी मागणी आहेत, हे त्या कायद्याने ओळखले. शॉन रॉसच्या दारी ही दोन्ही एकच मानली गेली आणि दोन्हींना एकच नकार मिळाला.

त्याआधी, जानेवारी २०२१मध्ये, आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. अठरा संस्थांतून गेलेल्या सुमारे ५६,००० माता आणि ५७,००० मुलांचा त्यात विचार आहे. त्यांतील सुमारे ९,००० मुले दगावली. पंतप्रधानांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. अहवालातील एक निष्कर्ष कुटुंबांनी मुद्दाम वाचावा असा आहे : या स्त्रियांना मिळालेल्या कठोर वागणुकीची जबाबदारी मुख्यतः मुलांच्या पित्यांवर आणि त्या स्त्रियांच्या स्वतःच्या घरांवर येते, शासन आणि ख्रिस्तसभेने तिला साथ दिली. हा निष्कर्ष सर्वांना रुचला नाही, आणि संस्थांना तो सोयीचा आहे, ही टीकाही अनाठायी नाही. तथापि मुलीला मठाच्या दारापर्यंत पोहोचवणारे हात बहुधा घरचेच होते. चित्रपटात फिलोमेना यांच्या घराला जवळजवळ जागाच नाही. तेवढी जागा दिली असती तर एका धर्मभगिनीवर सारा भार टाकावा लागला नसता.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. भारतातून परदेशी दत्तक गेलेली मुले आता प्रौढ झाली आहेत. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अशा दत्तकविधानांना शिस्त घालून दिली. आजच्या दत्तक नियमांत मूळ शोधण्याची स्वतंत्र तरतूद आहे. ज्यांची पहिली कागदपत्रे धर्मसंघांच्या अनाथालयांत झाली, ती माणसे प्रथम तेथेच विचारणार.

चित्रपटानंतर पुस्तकाची नवी आवृत्ती ‘फिलोमेना’ याच नावाने निघाली; तिला जूडी डेंच यांची प्रस्तावना आहे. वाचकांनी शक्य तर चित्रपटाआधी हे पुस्तक वाचावे. मधली अमेरिकेची प्रकरणे भरभर चाळली तरी चालतील. रॉसक्रेची पाने मात्र सावकाश वाचावीत, आणि दस्तऐवजावरील सहीचा भाग घरात मोठ्याने.