'खुर्ची' : एक शब्द व एक कायदा

नसीमा हुरजूक ह्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'चाकाची खुर्ची' असे आहे. 'खुर्ची' हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून फारसीच्या द्वारे मराठीत आला; मूळ अरबीतही आसन व सिंहासन हे दोन्ही अर्थ त्याला आहेत. मराठीने दुसरा अर्थ चांगलाच जोपासला. खुर्ची मिळते, खुर्ची जाते, माणूस खुर्चीला चिकटून बसतो. ह्या प्रयोगांत लाकडाचा संबंध नाही, अधिकाराचा आहे. परंतु आधी 'चाकाची' हे षष्ठ्यन्त पद लागताच अधिकाराचा अर्थ गळून पडतो आणि केवळ साधन उरते. अपंग स्त्रीच्या नोकरीचा व नेतृत्वाचा प्रश्न ह्या अर्थलोपात दिसतो. हुरजूक ह्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारून तिचे नेतृत्व केले. त्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच आसनावर नांदले. अशा आत्मचरित्रांचे स्वागत मात्र बहुधा 'जिद्द' ह्या एका शब्दावर भागवले जाते. जिद्द हा व्यक्तीचा गुण होय. नेतृत्व हा व्यक्ती व संस्था ह्यांच्यातील संबंध होय. जिद्दीचे कौतुक करताना संस्थेला स्वतःत काहीच बदलावे लागत नाही.

संबंध बदलणे हे कायद्याचे काम. त्या दृष्टीने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तपासला असता त्यात स्त्री कोठे येते हे पाहण्यासारखे आहे. कलम ४ मध्ये ती बालकांच्या जोडीने येते. कलम ३७ मध्ये जमीन, घरे व दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजना ह्यांत तिला अग्रक्रम आहे. तेथे तिचे कारक संप्रदानाचे, म्हणजे घेणारीचे. कलम ६० प्रमाणे केंद्रीय सल्लागार मंडळावरील दहा नामनियुक्त सदस्यांत किमान पाच स्त्रिया असाव्यात. तेथे ती सल्ला देते. परंतु नोकरीविषयीच्या कलम २० व २१ मध्ये आणि किमान ४ टक्के आरक्षणाच्या कलम ३४ मध्ये ती नाही. तेथे आहे ती 'व्यक्ती'. (मराठीत हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, हा योगायोग मौजेचा; कार्यालयात त्याचा उपयोग नाही.)

कायद्याची भाषा सर्वांना समान असावी म्हणून लिंगाचा उल्लेख टाळला, असा बचाव करता येईल. तो टिकत नाही. घर व जमीन देताना ज्या कायद्याला स्त्रीचे स्मरण राहिले, त्याच कायद्याला पद देताना तिचा विसर पडला, हा लेखनशैलीचा भाग म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेत अपंग पुरुषांपैकी ४७ टक्के काम करणारे होते, अपंग स्त्रियांपैकी अवघ्या २३ टक्के. 'व्यक्ती' हे पद ह्या दोन आकड्यांची सरासरी काढून मोकळे होते.

'केरळ राज्य विरुद्ध लीसम्मा जोसेफ' हा खटला ह्या संदर्भात उद्बोधक आहे. ह्या बाईंना १९९६ साली, सेवेत असलेल्या भावाच्या मृत्यूनंतर, पोलीस खात्यात अनुकंपा तत्त्वावर नेमणूक मिळाली. पुढे अपंगत्वाच्या आधारे बढतीत आरक्षण मागितले, तेव्हा त्यांची मूळ नेमणूक अपंगांच्या कोट्यातून नाही, असा आक्षेप आला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२१ रोजी तो फेटाळला. १९९५ च्या कायद्यान्वये बढतीतही आरक्षण आहे, असा निर्णय दिला. खात्यात शिरणे आणि खात्यात वर चढणे हे दोन भिन्न हक्क आहेत हे त्यातून स्पष्ट झाले. त्यासाठी २५ वर्षे लागली.

आता २०१६ च्या कायद्यातील कलम २०, पोटकलम ३ पाहावे. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणास बढती नाकारू नये, असा त्याचा आशय आहे. वाक्य निषेधार्थी आहे. बढती देणारा त्यात कर्ता म्हणून उभाच राहत नाही. त्याहून घातक आहे ते 'केवळ' हे अव्यय. दौरे जमणार नाहीत, रात्री थांबता येणार नाही, घरच्यांना चालणार नाही, अशी कारणे जेव्हा एका दमात सांगितली जातात, तेव्हा त्यांतले अपंगत्वाचे कोणते व स्त्रीत्वाचे कोणते, हे वेगळे काढण्याचा भार त्या अव्ययामुळे तिच्यावरच येऊन पडतो.