गाणं कुठल्या गावचं?

'बलगम' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा फोनवर, एकट्यानं. दुसऱ्यांदा शेजारच्या अक्कांच्या अंगणात, दोरीवर ताणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर. अक्कांच्या घरात तेलुगू, अंगणात मराठी आणि बाजारात दोन्ही. अहेरीत याचं कुणाला नवल वाटत नाही. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणाचा कोमरम भीम आसिफाबाद जिल्हा. वांगेपल्लीचा पूल आता झाला, पण सोयरिकी आणि सिनेमे त्याच्या कितीतरी आधीपासून नदी ओलांडत आले आहेत.

चित्रपटात घरातले म्हातारबाबा वारतात आणि पिंडाला कावळा शिवत नाही. तोवर अंगणात पोरांचा दंगा चालला होता, तो आपोआप थांबला. अक्का पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "आमच्या मामंजींच्या वेळी दुपारचे तीन वाजले होते." बस, एवढंच. पुढे तासभर त्या काही बोलल्या नाहीत.

वेणू येल्दंडी यांचा हा चित्रपट मार्च 2023 मध्ये आला, संगीत भीम्स सेसिरोलिओ यांचं. शेवटी बुडग जंगम कलावंत मोगिलय्या आणि कोमुरम्मा हे जोडपं मेलेल्या माणसाची कहाणी गाऊन सांगतं, आणि वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी भावंडं ढसाढसा रडतात. हे दोघे नट नव्हते. मयताच्या घरी जाऊन गाणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. मोगिलय्या डिसेंबर 2024 मध्ये गेले. ते गाणं काढून टाका, चित्रपटाची गाठ सुटतच नाही. भांडण वकिलानं मिटवलं नाही, पंचांनीही नाही, गाण्यानं मिटवलं. तेलंगणातल्या गावोगावी लोकांनी चौकात पडदे लावून हा चित्रपट एकत्र बसून पाहिला. मला वाटतं, गावानं त्यात आपलंच एक काम होताना पाहिलं.

तेव्हापासून प्रत्येक चित्रपटाला मी एकच प्रश्न विचारतो. यातलं गाणं कुठल्या गावचं आहे, आणि ते कथेत काही काम करतं की नुसतं वाजतं?

मराठीला हे जमत नाही असं मुळीच नाही. 'जोगवा'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातला चौंडक्याचा नाद शोभेसाठी आणलेला नव्हता. देवीला सोडलेल्या माणसांचं जगणंच त्या नादावर उभं होतं. 'नटरंग'मध्ये ढोलकी नायकाचं आयुष्य बदलते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' तर पुढचीच पायरी. तिथे गाण्यावरच खटला चालतो. संभाजी भगत यांची गाणी, आणि शाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत आमच्या नागपूरचे वीरा साथीदार. ते 2021 मध्ये करोनानं गेले. त्यांचा तो थकलेला, तरीही न वाकणारा आवाज मला अजून ऐकू येतो. 'सैराट'ची गाणी हॉलिवूडच्या स्टुडिओतल्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाली, तरी करमाळ्याच्या मातीपासून तुटली नाहीत.

पण हे सूर कुठले? कोल्हापूर, सोलापूर, मुंबई. वैनगंगा ओलांडून आमच्याकडे येता येता मराठी चित्रपटाचा कान बंद होतो. आमचं जंगल पडद्यावर येतं, ते डोळ्यांनी पाहिलेलं. समृद्धी पोरे यांच्या 'डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हिरो' (2014) मध्ये हेमलकसा पाहताना ऊर भरून आला. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी जीव ओतला आहे. तरी त्यातला माडिया माणूस मुख्यतः रुग्ण आहे; त्याच्या अंगावरच्या जखमा दिसतात, त्याच्या गळ्यातला सूर ऐकू येत नाही. चित्रपट संपला तेव्हा माझ्या कानात एकही रेला नव्हता. रेला म्हणजे माडिया-गोंडांचं नाचता नाचता म्हणायचं गाणं: हातात हात गुंफलेली रांग, एका बाजूनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. ज्या गावात रात्र रात्र रेला चालतो, त्या गावावरचा चित्रपट त्याच्यावाचून मला अर्धा वाटतो.

अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन'नं (2017) निदान भाषेचा प्रश्न ऐरणीवर आणला. चित्रीकरण छत्तीसगडच्या दल्ली राजहराकडचं, पण दुपारी तीनला संपणारं मतदान आणि हेलिकॉप्टरनं जाणारी मतदान पथकं आम्हाला काही नवी नाहीत. अंजली पाटीलची मलको सांगते की पुस्तकाची भाषा पोरांच्या घरची नाही. हे ऐकून इथला कुठलाही शिक्षक मान हलवेल.

मराठीत आमच्या बाजूचा एकच सूर नीट ऐकू आला, तो तृशांत इंगळे यांच्या 'झॉलीवूड'मध्ये (2022). झाडीपट्टी रंगभूमीवरचा चित्रपट, आणि माणसंही तिथलीच. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या निघतात त्या होळीपर्यंत परत येत नाहीत. शंकरपट, मंडई काही असो, रात्री नाटक हवंच. तणशीवर चादरी पसरून, कानाला मफलर गुंडाळून पहाटेपर्यंत बसायचं. मंचासमोर ऑर्गनवाला बसतो. नटीचा सूर चढला की तो मान वर करून तिच्याकडे पाहतो आणि पट्टी सांभाळून घेतो. 'झॉलीवूड'मध्ये ही सगळी धावपळ आहे. चित्रपटाची बांधणी मध्यंतरानंतर सैल पडते, हे मान्य. पण झाडीबोली त्यात चेष्टेसाठी वापरलेली नाही. एरवी पूर्व विदर्भाची बोली मराठी पडद्यावर आली की समजावं, आता नोकर किंवा विनोदी शिपाई दारातून आत येणार.

तेलुगूतही तेलंगणी बोलीचं असंच होतं. ती खलनायकाची नाहीतर विदूषकाची. मग ती 'फिदा', 'बलगम', सिंगरेणीच्या कोळशात घडणारा 'दसरा' अशी नायक-नायिकेच्या तोंडी कशी आली? माझ्या मते आधी गाणं आलं. गौतम घोष यांच्या 'मा भूमी'त लोकगायक गद्दर पडद्यावर येऊन गायले, त्याला चार दशकं उलटून गेली. पुढे वेगळ्या राज्याच्या आंदोलनात 'धूम धाम'च्या मंचांवरून लोकगायकांनी गावंच्या गावं उठवली. 2014 मध्ये राज्य झालं तेव्हा त्या बोलीत रडायला आणि चिडायला सरावलेला प्रेक्षक तयार होता. सिनेमावाल्यांना तो आयता मिळाला. आमच्याकडे झाडीपट्टीचा प्रेक्षक तसाच तयार बसला आहे, पण मुंबई-पुण्याच्या निर्मात्याला तो दिसत नाही.

'आरआरआर'बद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. 'नाटू नाटू' कीव्हच्या राजवाड्यासमोर नाचून 'बलगम' आला त्याच महिन्यात ऑस्कर घेऊन आलं, आणि आमच्याकडच्या लग्नांत धुमाल बँडवर वाजायला लागलं. मला त्यातलं 'कोमुरम भीमुडो' मोठं वाटतं. चाबकाचे फटके खाणारा भीम गुडघे टेकत नाही, गातो, आणि त्या गाण्यानं गर्दी उठते. काल भैरव यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण खरा कोमरम भीम जोडेघाटचा, आमच्या नदीपलीकडचा. त्याची भाषा गोंडी, त्याचं भांडण निजामाच्या जंगल खात्याशी, 1940 मध्ये तो मारला गेला. चित्रपट त्याला दिल्लीला नेतो, इंग्रजांसमोर उभा करतो आणि तेलुगूत गायला लावतो. तो पाहताना अक्कांचा नातू टाळ्या वाजवत होता, समोर राहणारे मडावी काका मात्र गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "गोंडीत म्हटलं असतं तर?"

आणि नदीच्या अलीकडचे बाबूराव शेडमाके? याच अहेरी जमीनदारीच्या जंगलात त्यांनी इंग्रजांशी लढा दिला, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात ते फाशी गेले. त्यांच्यावरचा मोठ्या पडद्याचा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. तो निघाला तर भव्य युद्धाआधी मला त्यातली गाणी ऐकायची आहेत.

सध्या गोंडी गाणी निघतात ती पोरांच्या मोबाइलवर. सागाच्या झाडांपुढे गॉगल लावून नाच, खाली कीबोर्डचा ठोका. यातली बरीच तेलुगू चालींची नक्कल आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. मागच्या उन्हाळ्यात नदीकाठी अशाच एका गाण्याचं काम चाललं होतं. पोरांनी गावातल्या एका आजीला रेला म्हणायला बसवलं होतं. आजी ओळीच्या शेवटी हवा तेवढा श्वास घ्यायची, कधी लांब, कधी तोकडा; लॅपटॉपवरचा ठोका तोवर पुढे निघून गेलेला असायचा. चार वेळा झालं. पोरं म्हणाली, आजी, ठोका ऐक. आजी म्हणाली, मी पाय ऐकते. पाचव्या वेळी लॅपटॉपवरच्या पोरानं ठोका बंद केला, दोन मुलींना आजीच्या बाजूला उभं करून नाचायला सांगितलं, आणि पायांचा आवाज येईल असा माइक वाळूजवळ नेला.