सोपी वाट कुणाची?

जुन्या व्यापारी मार्गांवरच्या लेखांत अलीकडे एक नकाशा हमखास दिसतो. सह्याद्रीचे उठाव दाखवणारी करडी पार्श्वभूमी, तिच्यावर तांबडी रेघ, एका टोकाला जुन्नर किंवा पैठण, दुसऱ्या टोकाला कल्याण किंवा सोपारा. खाली ओळ असते: संगणकीय विश्लेषणातून सिद्ध झालेला सातवाहनकालीन मार्ग. नकाशा देखणा असतो. माझा आक्षेप त्या ‘सिद्ध’ शब्दाला आहे.

आक्षेप साधनावर नाही, हे आधीच सांगतो. क्यूजीआयएससारखी नकाशा-प्रणाली फुकट मिळते, उंचीची आकडेवारी फुकट मिळते, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम सैल केल्यावर पूर्वीची बरीच अडवणूक संपली. विद्यापीठाच्या दारात कधी न गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला घरच्या संगणकावर घाटवाटांचा अभ्यास करता येतो, तो यामुळेच. पण ती तांबडी रेघ कशी निघते हे वाचकाला कुणी सांगत नाही. ते सांगितले की ‘सिद्ध’ची हवा बरीच उतरते.

प्रणाली जमिनीचे चौकोन पाडते. उंचीचे जे आकडे सर्वाधिक वापरले जातात, ते फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने टिपले. त्यांतला चौकोन साधारण ३० मीटरचा. एका चौकोनातून शेजारच्यात जायला किती कष्ट पडतात, याचा आकडा चढ-उतारावरून ठरवतात. मग दोन टोकांमधली सर्वांत कमी कष्टाची साखळी शोधतात. शोधण्याची मूळ रीत एड्सखर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाची, १९५९ साली प्रसिद्ध झालेली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जवळची वाट कोणती, हा प्रश्न त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिता पिता वीस मिनिटांत सोडवला, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. सपाट हॉलंडमधला प्रश्न तो; त्यात नाणेघाट नव्हता.

गणितात खोट नाही. खोट असते ती ‘कष्ट’ मोजण्यात. बहुतेक अभ्यासक वॉल्डो टोबलर यांचे १९९३चे सूत्र घेतात. सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, अगदी सौम्य उतारावर ६, आणि चढ वाढेल तसा वेग झपाट्याने कमी. हे सूत्र पायी चालणाऱ्या माणसाचे आहे. आपल्याकडचा माल मात्र बैलाच्या पाठीवरून आणि गाडीतून गेला. लमाणांचा तांडा ताशी वेगाच्या हिशेबात बसत नाही. बैल चरतात, पाणवठ्यावर थांबतात, उन्हाच्या वेळी बसतात. तांड्याला जवळची वाट नको असते, कुरणाची आणि पाण्याची वाट हवी असते.

याची चाचणी घेता येते, आणि साधन आपल्याच हाताशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक-भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये बरुगाझा म्हणजे भडोचपासून पैठण २० दिवसांवर आणि पैठणपासून तगर म्हणजे आजचे तेर सुमारे १० दिवसांवर असल्याचे सांगितले आहे. पैठण ते तेर सरळ रेषेत १५० किलोमीटर. टोबलरचा माणूस दिवसाला आठ तास चालला, तर वळणे धरूनही चार-पाच दिवसांत पोचेल. पेरिप्लसकार दुप्पट सांगतो. भडोच-पैठण सरळ रेषेत ३५० किलोमीटर भरते, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. दोन्ही आकडे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात आणि दोन्ही बैलाचे आहेत. माल गाड्यांतून आणि रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखांतून येतो, असेही तो म्हणतो. त्याने अंतर दिवसांत दिले आहे. आपण ते किलोमीटरमध्ये आणतो आणि पुन्हा माणसाच्या तासांत बदलतो, त्या उलथापालथीत बैल गळून पडतो.

याच ग्रंथात यापेक्षा अवघड जागा आहे. पैठणचा माल भडोचला का जावा? कल्याण सरळ रेषेत २४० किलोमीटरवर, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर जवळ. गाडीचा विचार केला तर थोडे उत्तर मिळते: नाणेघाटातून गाडी उतरत नाही, माल घाटमाथ्यावर बैलांच्या पाठीवर चढवावा लागतो; उत्तरेकडची वाट लांब असली तरी गाडीला त्यातल्या त्यात सोयीची. पण पेरिप्लसकार पुढे कल्याणविषयी लिहितो की थोरल्या सारगनसच्या काळी ते रीतसर बाजाराचे बंदर होते, पुढे ते संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली, आणि तिकडे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. ही नावे नेमकी कोणत्या राजांची, यावर विद्वानांत वाद आहे. आपल्या मुद्द्याला तो वाद आड येत नाही. एका राजवटीत कल्याण चालू, दुसरीत बंद. दरम्यान सह्याद्री होता तिथेच होता, घाटाचा चढ तोच, बैलही तेच. चढ-उतारावरून काढलेली रेघ दोन्ही राजवटींत तंतोतंत एकच येईल. म्हणजे व्यापाराच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घडामोड या नकाशात उमटूच शकत नाही.

टोके आपण निवडतो, हे दुसरे. जुन्नर-कल्याण अशी टोके दिली की रेघ नाणेघाटाकडे ओढली जाते, पुणे-पनवेल दिली की बोरघाटाकडे. मग ‘रेघ घाटातूनच गेली’ याचे नवल करायचे. लेण्यांचेही तसेच. कार्ले, भाजे, बेडसे ही मार्गावरची ठिकाणे म्हणून गणितात भरायची आणि मार्ग लेण्यांजवळून गेला हा निष्कर्ष काढायचा. हे स्वतःच लपवलेली वस्तू स्वतःच शोधण्यासारखे झाले.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला ती सर्वांत बोलकी वाटते. नाणेघाटाची नाळ जेमतेम काही मीटर रुंद. ३० मीटरच्या चौकोनात ती कड्यात मिसळून जाते. उलट जुन्नर आणि घाटघर यांच्या मधल्या कुकडीच्या खोऱ्यात आज माणिकडोह धरणाचा जलाशय पसरला आहे. रडारला पाणी सपाट दिसते आणि सपाट म्हणजे सूत्राच्या लेखी सोपे. खबरदारी घेतली नाही तर सातवाहनांचे तांडे विसाव्या शतकातल्या पाण्यावरून चालत जातात. पैठणला नाथसागर आहे, तिथेही हाच धोका. जी खिंड खरी ती नकाशात नाही आणि जे पाणी तेव्हा नव्हते ते हमरस्ता होते.

पाण्यावरून ऋतू आठवतो. पावसाळ्यात नद्यांचे उतार बंद, काळ्या मातीत गाडी रुतते. सैन्येही दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. तरीही बारमाही एकच रेघ काढली जाते. हे करता येत नाही असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर शायडेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रोमन जगासाठी ‘ऑर्बिस’ उभे केले. त्यात महिना बदलला की प्रवासाचे दिवस बदलतात, गाडी आणि जहाज यांचा खर्च वेगळा येतो. त्यासाठी त्यांच्याजवळ इसवी सन ३०१ची डायोक्लेशियन बादशहाची दरपत्रिका होती. आपल्याकडे तशी दरपत्रिका नाही, पण ज्याँ देलोश यांनी वाफेच्या गाडीपूर्वीच्या भारतीय वाहतुकीवर १९८०मध्ये दोन खंडांत जे काम केले, त्यात रस्ते, ओझ्याची जनावरे आणि नावा यांचा भरपूर ऐवज आहे. रेघ काढणारे तो क्वचितच उघडतात. त्याआधी कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्यांतून पायी हिंडले आणि पायवाटा, देवीची ठाणी आणि सूक्ष्मास्त्रे यांचा मेळ घालत राहिले. त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही, पण कुठे काय सापडले हे त्यांच्या लेखात तपासता येते.

मग रेघेचा उपयोग काय? माझ्या मते ती जिथे चुकते तिथेच तिचा खरा उपयोग. सूत्राने सांगितलेली वाट आणि जमिनीवरची फरसबंदी, टाकी, लेणी, शिलालेख यांची वाट जिथे फुटते, तिथे थांबून विचारायचे: इथे काय होते? जकात, पाणी, देवस्थान, की पलीकडचा शत्रू? कल्याण-भडोचचा फरक असाच वाचता येतो. माणसाच्या, ओझ्याच्या बैलाच्या आणि गाडीच्या हिशेबाने तीन रेघा काढाव्यात. तिन्ही हिशेब कल्याणच्याच बाजूने निघाले तर उरलेले कारण राजकीय. गाडीची रेघ भडोचकडे वळली तर संदनेसच्या अडवणुकीला निम्मेच श्रेय. हे गणित कुणी नीट मांडून छापावे, सूत्र आणि आकड्यांचा स्रोत यांसह, म्हणजे दुसऱ्याला ते पुन्हा करून पाहता येईल. माणिकडोहच्या पाण्याखालचा तुकडा मात्र धरणापूर्वीच्या एक इंची पत्रकावरूनच भरावा लागेल, आणि ते पत्रक उघडलेच तर नदीचे उतार आणि विहिरीही टिपून घ्याव्यात.