कातारी आणि त्याच्या वह्या

नेहेमाया वॉलिंग्टन हा लंडनच्या ईस्टचीप भागातला कातारी, म्हणजे लाकूड कातणारा. जन्म १५९८, मृत्यू १६५८. दुकान सांभाळून त्यानं ५० वह्या लिहिल्या. त्यांतल्या ७ आज उरल्या आहेत. पॉल सीव्हर यांचं १९८५ सालचं 'वॉलिंग्टन्स वर्ल्ड' हे पुस्तक त्यांवरच उभं आहे. ते वाचून 'सामान्य माणसाच्या नजरेतलं लंडन' असं आपण पटकन म्हणून टाकतो. मी तिथंच अडतो. अहो, ५० वह्या लिहिणारा कातारी सामान्य कसा? शिवाय हा गृहस्थ पेठेची हकीकत लिहायला बसलाच नव्हता. तो प्युरिटन, स्वतःच्या पापांचा हिशेब ठेवत होता. स्वतःला नियम घालून घ्यायचा आणि मोडला की गरिबांच्या पेटीत दंड भरायचा!

मग आपण वाचायचं काय? १६२५ ची प्लेगची साथ घ्या. तीत त्याची लहानगी एलिझाबेथ गेली. देवाची इच्छा मानून सोसायचं, हे त्याला पाठ होतं. पण जमलं नाही. दुःखाच्या भरात देवाला दिलेली वचनं मोडली, मित्रांनी समजावलं तरी मन थाऱ्यावर येईना, हे तो अपराध म्हणून नोंदवतो. त्याला जिची लाज वाटली, ती नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते. लंडनमध्ये तेव्हा मृतांच्या साप्ताहिक याद्या छापल्या जात. त्यांत नुसते आकडे. त्यांतल्या एका आकड्यामागचं घर इथं उघडं पडतं.