एका माणसाचें पंचक

‘यस्टरडेज न्यू क्विंटेट’ ह्या पंचकाची ‘अँगल्स विदाउट एजेस’ ही जाझची तबकडी कॅलिफोर्नियांतील स्टोन्स थ्रो ह्या संस्थेनें २००१ सालीं काढली. वादक म्हणून मंक ह्यूज, जो मॅकडफ्री, अहमद मिलर, मलिक फ्लेव्हर्स व ओटिस जॅक्सन धाकटे अशीं पांच नांवें रसिकांपुढें ठेवण्यांत आलीं. पैकीं पहिले चौघे कधीं जन्मासच आले नाहींत. पांचवा तेवढा खरा. हिप-हॉपच्या जगांत जो मॅडलिब म्हणून गाजला तोच हा, आणि कीबोर्ड, व्हायब्राफोन, बास, ड्रम सर्व त्याच्याच हातचें आहे.

ह्या लपंडावाबद्दल आम्हांस तक्रार करावयाची नाहीं. गडकऱ्यांनीं कवितेसाठीं गोविंदाग्रज व विनोदासाठीं बाळकराम पुढें केला, म्हणून कोणी त्यांस खोटारडे म्हटलें नाहीं. प्रश्न वेगळाच आहे. जाझ हें मुळांत संवादाचें संगीत. एकानें कांहीं म्हणावें, दुसऱ्यानें तें उचलावें, तिसऱ्यानें मोडावें, आणि पुढल्या क्षणीं काय होणार हें कोणासच ठाऊक नसावें, ह्यांतच त्याचा प्राण. जेथें पांचही जण एकच, तेथें हें व्हावें कसें? प्रयोग नवा नव्हे. १९४१ सालीं सिडनी बेशे ह्यानें एकट्यानें सहा वाद्यें वाजवून मुद्रण केलें. १९६३ सालीं बिल एव्हान्सनें पियानोचे तीन थर एकावर एक चढविले. पण एव्हान्स स्वतःशीं वाद घालतो. मॅडलिब स्वतःशीं सहसा सहमतच होतो.

ह्याचें कारण त्याच्या धंद्यांत आहे. हिप-हॉपचा निर्माता जुन्या तबकड्या धुंडाळतो, त्यांतील एखादा मोहक तुकडा सॅम्पलर नामक यंत्रांत उचलून घेतो व तोच फिरवीत राहतो. अशा कानाला विस्ताराची ओढ नसते, क्षणाची असते. येथेंही कीबोर्डाची एक धून येते, घोळत राहते, आणि कोठें पोंचण्यापूर्वींच विरून जाते. दीर्घ आलापचारीची संवय असलेला रसिक उपाशी उठेल.

परंतु ठेका! येथें मात्र आमची लेखणी नरमते. ड्रमचा आघात किंचित मागें रेंगाळतो, बास त्याला टेकून चालतो, आणि एकंदर ध्वनीवर जुन्या, घासलेल्या तबकडीची धूळ मुद्दाम राहूं दिलेली आहे. रीतसर शिकलेला जाझवादक हेंच फार स्वच्छ वाजवील आणि सारी गोडी घालवील. म्हणून ही कृति विनाइलवरच ऐकावी, असें आम्हांस वाटतें. ज्या खाणींतून ह्या गृहस्थानें दगड आणले त्याच खाणींत त्यानें हा आपला दगड परत ठेवला आहे. उद्यां दुसरा कोणी निर्माता तो उचलील.

२००३ सालीं ब्लू नोट ह्या १९३९ पासूनच्या जाझ-संस्थेनें आपलें भांडार त्याला खुलें केलें. त्यांतून निघालेल्या ‘शेड्स ऑफ ब्ल्यू’ मध्यें ह्याच पंचकानें वेन शॉर्टरची ‘फुटप्रिंट्स’ वाजविली आहे. १९६६ सालीं माइल्स डेव्हिसच्या संचानें ती मुद्रित केली तेव्हां टोनी विल्यम्स व रॉन कार्टर ह्यांनीं सहाच्या तालावर चाराचा ताल लोटला. तो धोका मॅडलिबच्या वादनांत नाहीं. त्याच्या ड्रमवाल्याला बासवाल्याचें मन आधींच ठाऊक असतें.

तरीहि त्यानें ह्या मायावी वादकांना सोडलें नाहीं. त्यांना त्यानें पुढें स्वतंत्र तबकड्याहि दिल्या. वेल्डन अर्व्हिन हा पियानोवादक २००२ सालीं वारला. २००४ सालीं त्याच्या स्मरणार्थ एक संबंध तबकडी निघाली, ती मंक ह्यूजच्या नांवावर.