मेजवानीनंतर काय?

बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा परततो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, मेजवानी होते. युसुफ शाहीनचा ‘उधळ्या पुत्राचं पुनरागमन’ (१९७६) हा इजिप्शियन सिनेमा त्याच्या पुढचं विचारतो. तुरुंगातून आलेला अली थोरल्या भावाच्या, तुलबाच्या, जाचातून आपल्याला सोडवेल अशी सगळ्यांची आशा. पण अली आतून मोडलेला आहे. त्याला ती पेलत नाही. सलाह जाहीनच्या गाण्यांत, माजिदा अल-रूमीच्या आवाजात उमेद भरभरून आहे, म्हणूनच शेवटी घरातच होणारा रक्तपात जास्त हादरवतो. पुतण्या इब्राहिम आणि तफीदा मात्र घर सोडून निघतात. १९६७च्या पराभवाने खचलेल्या देशात शाहीन या जाण्याला पळपुटेपणा म्हणत नाही. मला हा सिनेमा त्यासाठीच मोठा वाटतो.